साडेपाच तासांचा काटा

कोल्हापूरजवळच्या उचगावात संध्याकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा हिवाळ्यात लंडनला दुपारचा बरोबर एक वाजलेला असतो. आपला मिनिटकाटा सहावर, त्यांचा बारावर. दोन देशांच्या वेळा दाखवणाऱ्या मनगटी घड्याळात मात्र मिनिटकाटा बहुधा एकच असतो, आणि तो एका वेळी एकाच देशाची मिनिटे दाखवू शकतो. या घड्याळांविषयी आपल्याकडे ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच इथेच अडकलेल्या असतात. काटा चुकतोय म्हणून घड्याळ दुरुस्तीला जाते, घड्याळजी मशीन उघडून बघतो, त्याला काही सापडत नाही आणि घड्याळ परत येते ते तसेच, अर्धा तास चुकलेले.

उचगावच्या आसपास हा जास्तीचा काटा आता नवलाचा राहिलेला नाही. गोकुळ शिरगाव आणि शिरोली या दोन्ही औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर. तिथल्या फाउंड्र्यांमधले ओतीव भाग युरोप-अमेरिकेला जातात, आणि जर्मनीतले ऑफिस आता उघडले असेल का, याचा हिशेब एक्सपोर्ट बघणारा माणूस रोज करत असतो. घरोघरी कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची मुलगी म्युनिकला नाहीतर न्यू जर्सीत. सुट्टीवर येताना मुले वडिलांसाठी असले घड्याळ आणतात. सोबतची माहितीपुस्तिका बारीक अक्षरातली, आणि तिच्यातली उदाहरणे बहुधा लंडन-न्यूयॉर्क किंवा पॅरिस-टोकियो अशी, पूर्ण तासांच्या फरकाची. आपल्या कामाची नव्हेत. म्हणून इथली सगळी उदाहरणे उचगावच्या घड्याळावरून घेतली आहेत.

काटा खरा आहे का?

दुसऱ्या वेळेचा काटा २४ तासांत एकच फेरा घेतो. नेहमीचा तासकाटा तेवढ्या वेळात दोन फेरे घेतो, म्हणजे हा त्याच्या निम्म्या वेगाने चालतो. टोकाला बहुधा बाण असतो आणि रंग वेगळा असतो. तो वाचायचा तो १ ते २४ आकड्यांच्या पट्टीवर. ही पट्टी डायलच्या कडेला असते किंवा काचेभोवतीच्या रिंगवर. डायलवरचे नेहमीचे आकडे त्याच्यासाठी नाहीत. बाराच्या जागी त्याचे २४ असतात, तीनच्या जागी ६, सहाच्या जागी १२ आणि नऊच्या जागी १८. जागा कमी असल्यामुळे बहुतेक रिंगांवर फक्त सम आकडे छापतात आणि विषम आकड्यांच्या जागी ठिपके किंवा रेघा असतात. घाईत लोक ठिपका सोडून शेजारचा आकडा वाचतात आणि एक तासाची चूक होते. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर ही चूक हमखास होते. त्यामुळे घड्याळ घेतानाच रिंगवरचे आकडे चष्म्याविना वाचता येतात का, हे दुकानात बघून घ्यावे.

आता एक फसगत. अनेक क्वार्ट्झ घड्याळांत, विशेषतः स्टॉपवॉच असलेल्यांत, तीन छोटी डायल असतात आणि त्यांतल्या एकावर २४ पर्यंत आकडे असतात. पुष्कळांना वाटते की हीच दुसऱ्या देशाची वेळ. तशी ती नसते. ते छोटे डायल मोठ्या तासकाट्याला गिअरने बांधलेले असते आणि वाजले ते दिवसाचे की रात्रीचे एवढेच सांगते. चावी कितीही फिरवा, ते वेगळे लावता येत नाही. ते दुबईवर लावून द्या म्हणून घड्याळजीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आणि कुणी पैसे घेऊन लावून देतो म्हणाले तर घड्याळ उचलून घरी यावे.

तिसरा एक प्रकार आहे, आणि त्याच्याकडे शौकीन लोक जरा नाक मुरडूनच बघतात. मोठ्या डायलमध्ये दोन संपूर्ण छोटी घड्याळे, दोन चाव्या, दोन सेल. आत मशीनही दोन. दिसायला थोडे बटबटीत, पण भारतीय माणसाची अडचण हाच प्रकार सर्वांत सरळपणे सोडवतो. दोन्हींचे मिनिटकाटे वेगळे असल्यामुळे साडेपाच तास म्हणजे साडेपाच तासच लागतात. दोष एवढाच की दोन सेल एकाच दिवशी संपत नाहीत. म्हणून एक बदलायला गेलात की दुसराही बदलून घ्यावा.

चावीचा पहिला टप्पा

एकाच मध्यावर चार काटे असलेले घड्याळ असेल, तर चावी पहिल्या टप्प्यापर्यंत ओढा आणि दोन्ही दिशांना हळूच फिरवून बघा. पाण्यात चालणाऱ्या घड्याळांची चावी आट्यांची असते. ती आधी उलटी फिरवून सोडवावी लागते, नुसती ओढू नये. काय हलते त्यावरून घड्याळाची जात कळते.

चोवीस तासांचा काटा एकेका तासाच्या उडीने सरकला आणि बाकीचे काटे जागेवर राहिले, तर ते घड्याळ एका जागी राहून परदेशी फोन करणाऱ्याच्या सोयीचे. शौकीन त्याला ‘कॉलर’ म्हणतात. सिकोची २०२२ साली आलेली ‘सिको ५’ मालिकेतली जीएमटी, म्हणजे दुसरी वेळ दाखवणारी, घड्याळे या जातीची. त्यांत पहिल्या टप्प्यावर चावी एका दिशेला फिरवली की तारीख बदलते, दुसऱ्या दिशेला फिरवली की हा काटा उडी मारतो.

त्याउलट चोवीस तासांचा काटा स्थिर राहून मुख्य तासकाटाच उडी मारू लागला, तर ते प्रवाशाचे घड्याळ, म्हणजे ‘फ्लायर’. रोलेक्सची जीएमटी-मास्टर २ ही यातली सर्वांत परिचित. या जातीत तारीख वेगळी लावायची सोय बहुधा नसते. तासकाटा मध्यरात्रीवरून पुढे नेला की तारीख पुढे, मागे आणला की मागे. हे माहीत नसलेला माणूस तारखेची चावी बिघडली अशी तक्रार घेऊन येतो.

आणि पहिल्या टप्प्यावर फक्त तारीखच हलली, दोन्ही तासकाटे ढिम्म राहिले, तर तुमच्याकडे जुन्या रचनेचे घड्याळ आहे. तेही निकामी नव्हे. १९५०च्या दशकात पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने जी पहिली जीएमटी-मास्टर केली, तिच्यातही दोन काटे एकमेकांना बांधलेलेच होते. दुसरी वेळ वाचायची ती काटा हलवून नव्हे, तर भोवतीची रिंग फिरवून. ही रिंग आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे.

कॉलर घड्याळ लावण्याची रीत अशी. चावी पूर्ण बाहेर ओढा, सेकंदकाटा थांबेल. मग काटे पुढच्या दिशेने फिरवत राहा आणि तारीख कधी बदलते ते बघा. ती बदलली म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने मध्यरात्र झाली. तिथून पुढे आपली आत्ताची वेळ लावा. दुपार असेल तर आणखी एक फेरा द्यायला विसरू नका. ही पायरी टाळली की दुपारी बाराला तारीख बदलते, चोवीस तासांचा काटा बारा तास उलटा बसतो, आणि म्युनिकची मुलगी भर दुपारी झोपलेली दिसते. वेळ लागली की चावी पहिल्या टप्प्यावर आणून जास्तीचा काटा हव्या त्या फरकाने सरकवा आणि चावी आत दाबा. आट्यांची असेल तर दाबून सुलट फिरवून बंद करा. ती अर्धवट उघडी राहिली तर कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात काचेच्या आत वाफ धरायला वेळ लागत नाही.

ऑटोमॅटिक घड्याळात रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात पहिल्या टप्प्याने तारीख बदलू नये. तेव्हा तारखेचे चाक आधीच दात्यांत अडकलेले असते आणि जबरदस्ती केली तर दाता तुटतो. काट्यांना या वेळेपासून दूर नेऊन मग तारीख लावावी. हे नुकसान मात्र खरे असते आणि दुरुस्तीला पैसे लागतात.

अर्धा तास कुठे ठेवायचा?

मुलगी म्युनिकला आहे आणि हिवाळा आहे. फरक साडेचार तासांचा. उचगावात संध्याकाळचे पाच, म्हणजे १७ वाजले, की तिथे १२:३०. जास्तीचा काटा पूर्ण तासाच्याच उड्या मारतो. १७ वरून चार उड्या मागे घेतल्या तर तो १३ वर थांबतो, पाच घेतल्या तर १२ वर. आपल्याला हवी असलेली जागा त्या दोहोंच्या मधोमध आहे, आणि तिथे तो थांबत नाही. घड्याळ बिघडलेले नाही. त्याची रचनाच अशी आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे एक नियम ठरवून घ्यायचा आणि तो मोडायचा नाही. काटा नेहमी अर्धा तास पुढचा ठेवा आणि वाचताना अर्धा तास मागे या. देश पश्चिमेला असेल तर फरकातला अर्धा तास सोडून द्या: दुबई दीड तास मागे आहे, एक उडी मागे, जर्मनी हिवाळ्यात साडेचार, चार उड्या, लंडन साडेपाच, पाच, न्यूयॉर्क साडेदहा, दहा. देश पूर्वेला असेल तर अर्ध्याचा पूर्ण करा: सिंगापूर अडीच तास पुढे आहे, तीन उड्या पुढे. मग काट्याने १३ दाखवले की साडेबारा समजायचे. दोन-चार दिवस अडखळायला होते, मग डोळा आपोआप मागे सरकतो. काटा अर्धा तास मागे ठेवण्याचा उलट नियमही चालेल. घरातल्या एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा पाळला तर मात्र भांडण ठरलेले.

दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे, पण त्यासाठी फिरणारी रिंग हवी. जास्तीचा काटा भारताच्याच वेळेवर राहू द्या आणि रिंग फिरवा. आपल्यापेक्षा मागे असलेल्या देशासाठी रिंग काट्यांच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे फिरवायची. पुढे असलेल्या देशासाठी डावीकडे. म्युनिकसाठी साडेचार घरे उजवीकडे फिरवली की १७ च्या जागी असलेल्या काट्यासमोर साडेबारा येतात, बरोबर साडेबारा. इथे मनातल्या मनात काही मागे-पुढे करावे लागत नाही.

मात्र रिंग किती टप्प्यांची आहे ते आधी पाहावे. पूर्ण फेऱ्यात २४ वेळा ‘टक’ होणारी रिंग तासातासानेच सरकते. रोलेक्सची हल्लीची रिंग अशी आहे, आणि एवढी किंमत मोजूनही भारतीय गिऱ्हाइकाला त्यात अर्धा तास मिळत नाही. ट्यूडरच्या ब्लॅक बे जीएमटीची रिंग ४८ टप्प्यांची आहे, म्हणजे एक टप्पा अर्ध्या तासाचा; म्युनिकला नऊ टक, लंडनला अकरा. सिको ५ जीएमटीच्या रिंगला टप्पेच नाहीत, ती नुसत्या घर्षणावर फिरते आणि कुठेही थांबते. १२० टप्प्यांची रिंग असेल तर एक टप्पा बारा मिनिटांचा पडतो आणि अर्धा तास दोन टप्प्यांच्या मध्ये येतो. सहा मिनिटांचा फरक राहतो, पण फोन करण्यासाठी तेवढा चालतो. दुसरी वेळ दाखवणारे नवे घड्याळ घ्यायला निघालेल्या मराठी माणसाने दुकानदाराला पहिला प्रश्न कंपनीचा किंवा पाण्याचा न विचारता हा विचारावा: रिंग फिरते का, आणि अर्ध्या तासावर थांबते का?

फ्लायरवाल्यांनाही हा अर्धा तास चुकत नाही. दुबईला उतरल्यावर तासकाटा एक उडी मागे घेतला तरी अर्धा तास उरतोच. तो घालवायला चावी पूर्ण ओढून मिनिटकाटा मागे घ्यावा लागतो, आणि मग भारताची वेळ दाखवणारा काटा अर्ध्या तासाने चुकतो. वैमानिकांसाठी म्हणून गाजलेली ही सोय मुंबई-दुबई मार्गावर अर्धीच कामाची. अर्ध्या तासाच्या दुसऱ्या देशात गेलात तर मात्र सगळे सुरळीत होते. ऑस्ट्रेलियातले ॲडलेड त्यांच्या हिवाळ्यात आपल्यापुढे बरोबर चार तास असते, म्यानमार एक तास. मिनिटकाटा जागचा हलवावा लागत नाही.

ज्यांच्याकडे जास्तीचा काटाच नाही त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती. साधे काट्यांचे घड्याळ उलटे धरा, बारा खाली आणि सहा वर. हिवाळ्यात लंडनची वेळ समोर येते. उचगावात चार वाजले असताना उलट्या घड्याळात तासकाटा दहावर आणि मिनिटकाटा सहावर दिसेल, लंडनला साडेदहा. तासकाटा खऱ्यापेक्षा अर्धा तास मागे दिसतो खरा, पण मिनिटे अगदी अचूक. इंग्लंडमधल्या उन्हाळ्यातल्या क्रिकेटसाठी ही युक्ती वापरू नका, तेव्हा फरक साडेचार तासांचा असतो.

हा अर्धा तास आपल्या पदरात आला तो १ जानेवारी १९०६ पासून, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरली तेव्हा. मुंबईने ती सहजासहजी मानली नाही. तिची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत शहरात टिकून राहिला. म्हणजे रेल्वेची एक वेळ आणि गावाची दुसरी, असा दोन वेळांचा संसार महाराष्ट्राने निम्मे शतक केला आहे. कोल्हापूरचा सूर्य विचाराल तर तो प्रमाणवेळेच्या साधारण ३३ मिनिटे मागे चालतो. म्हणून आपल्याकडे खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते. दुसऱ्या महायुद्धात हा फरक आणखी वाढला. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची घड्याळे एक तास पुढे केलेली होती, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. नेमक्या त्याच काळात उचगावजवळ वळिवडे इथे, आजच्या गांधीनगरच्या जागी, पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहिली. म्हणजे परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांची आठवण काढत घड्याळाकडे बघणे या पंचक्रोशीला नवे नाही. तेव्हा ते दुसऱ्या बाजूने चालले होते, एवढेच.

मार्च आणि ऑक्टोबर

काट्याविषयीच्या तक्रारींचा हंगाम असतो. मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्या वाढतात, आणि कारण घड्याळात नसून तिकडच्या कायद्यात असते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. मग आपला जर्मनीशी फरक साडेचारवरून साडेतीन होतो, लंडनशी साडेपाचवरून साडेचार. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्क साडेदहावरून साडेनऊवर येते, कॅलिफोर्निया साडेतेरावरून साडेबारावर. वर सांगितलेला नियम पाळत असाल तर मार्चमध्ये एक उडी पुढे आणि शरदात एक उडी मागे, एवढेच करायचे. रिंगवाल्यांनी एक घर डावीकडे, मग एक घर उजवीकडे.

युरोप आणि अमेरिका यांच्या तारखा एक नसल्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवडाभर त्या दोघांमधला नेहमीचा फरकही बदललेला असतो. एक गिऱ्हाईक स्टुटगार्टला आणि दुसरे डेट्रॉइटला असलेल्या कारखान्याने या दिवसांत तिघांची मीटिंग ठरवताना घड्याळाच्या जोडीला फोनही बघावा. दुबई, सिंगापूर, जपान इथे हा प्रकार नाही. अमेरिकेत ॲरिझोनाचा बहुतेक भाग तो पाळत नाही, त्यामुळे फिनिक्सला असलेला मुलगा वर्षभर साडेबारा तासच मागे राहतो. ऑस्ट्रेलियाचे ऋतू उलटे आहेत. सिडनी ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास पुढे असते, एरवी साडेचार.

खरोखर बिघाड असेल तर

इतके सगळे तपासूनही काटा पटत नसेल, तर एक साधी कसोटी घ्या. एखाद्या पूर्ण तासाला, मिनिटकाटा नेमका बारावर असताना, दोन्ही तासकाटे कुठे आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. घड्याळ वापरा, पण चावीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दुसरा फोटो काढा.

दोन्ही वेळा सारख्याच मिनिटांनी चुकल्या असतील तर जास्तीच्या काट्याचा काही संबंध नाही. मशीनच पुढे-मागे पळते आहे. ऑटोमॅटिक घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर बहुधा त्याला चुंबक लागलेले असते. स्पीकर, पर्सची किंवा मोबाइल-कव्हरची चुंबकी चाप, कारखान्यातला चुंबकी चक अशा गोष्टी तपासा. चुंबक काढून टाकणे घड्याळजीचे दोन मिनिटांचे काम आहे. क्वार्ट्झमध्ये सेकंदकाटा एकदम दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारू लागला तर अनेक घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते.

मुख्य वेळ बरोबर आहे आणि जास्तीचा काटाच जागा सोडून गेला आहे, असे दिसले तर तो त्याच्या नळीवर ढिला झालेला असू शकतो. पडण्याने, हातोडीच्या कामाने, दुचाकीवर खड्ड्यांतून रोज फिरण्याने असे होते. हाताच्या तळव्यावर घड्याळ हळूच ठोकून बघा. तेवढ्यानेही काटा हलला तर घालणे थांबवा. सैल काटा सुटून डायलवर ओरखडे काढतो, आणि काटा बसवण्यापेक्षा डायल बदलणे कितीतरी महाग पडते.

काटा सरकत नाही, पण पूर्ण तासाला आकड्याच्या नेमका समोरही येत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त. आधी आपणच मिनिटकाटा अर्ध्या तासाने सरकवून ठेवला नाही ना, ते आठवा. नसेल तर सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि मध्यरात्र अशा चार वेळा बघा. चारही वेळा तो सारखाच पुढे किंवा सारखाच मागे असेल, तर काटा बसवतानाच तिरका दाबला गेला आहे; तो काढून परत बसवला की संपले. एका बाजूला पुढे आणि समोरच्या बाजूला मागे दिसत असेल, तर डायल किंवा छापलेली पट्टी मध्याला धरून बसलेली नाही. आणि किती चुकतो तेही मोजा. या काट्याला एका तासासाठी फक्त १५ अंश मिळतात, त्यामुळे पाच मिनिटे म्हणजे सव्वा अंश. काटा आकड्याच्या रेघेला स्पर्श करतो आहे इतपत फरक असेल तर त्यासाठी मशीन उघडायला लावू नये. दात्यांमध्ये थोडी मोकळीक राहतेच. वेळ लावताना शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने केली की ती मोकळीक दर वेळी सारखी राहते.

घड्याळ अधूनमधून थांबत असेल तर कधी थांबते ते लिहून ठेवा. यातून फार कळते. चार काटे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्यात जागा अगदी थोडी. मुख्य तासकाटा आणि चोवीस तासांचा काटा दिवसातून एकदाच एकमेकांना ओलांडतात. घड्याळ रोज साधारण त्याच वेळी थांबत असेल, आणि तेव्हा हे दोघे एकमेकांवर आलेले दिसत असतील, तर ते घासतात. जास्तीचा काटा एक-दोन उड्या सरकवून बघा. थांबण्याची वेळही त्याच्याबरोबर सरकली तर खात्री झाली. मिनिटकाटा मात्र त्या काट्याला तासाहून थोड्या जास्त वेळाने, दर साडेबासष्ट मिनिटांच्या आसपास ओलांडतो. घड्याळ कधीही थांबते, पण दर वेळी हेच दोघे एकमेकांवर सापडतात, तर घासणारी जोडी ही. रोज मध्यरात्रीच्या सुमारास थांबत असेल तर आधी तारखेच्या चाकाकडे संशय न्यावा, काट्याकडे नंतर.

दुरुस्तीला देताना ‘परदेशी वेळ चुकते’ एवढेच सांगून येऊ नये. घड्याळजीला हे दोन फोटो दाखवा, थांबण्याच्या वेळा द्या आणि पहिल्या टप्प्यावर काय हलते ते सांगा. काटे काढून बसवणार असतील तर चारही काटे एकाच वेळी बसवून मध्यरात्रीवर जुळवावे लागतात, म्हणजे तारीख बदलते त्या क्षणी भारतावर लावलेला चोवीस तासांचा काटा २४ वर हवा. परत घेताना दुकानातच चावी फिरवून ही जुळणी बघून घ्या: तारीख पडते तिथे काटा २४ च्या जवळ, सहा तासांनी ६ वर, आणखी सहा तासांनी १२ वर. पाण्यात चालणारे घड्याळ उघडले असेल तर मागच्या झाकणाचा रबरी वॉशर नवा घातला का आणि पाण्याची चाचणी केली का, हेही विचारा. चाचणीची सोय नसेल तर ते घड्याळ घालून पंचगंगेत उतरू नका आणि पावसात बाहेर पडताना ते घरीच राहू द्या.